सुरणाची साल आणि अमावास्येचे पाहुणे

मखमलाबाद, नाशिक
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, १९९७

तीर्थरूप दाजींच्या चरणी रंगनाथाचा हात न जोडता केलेला नमस्कार.

हात न जोडण्याचं कारण उर्मटपणा नव्हे. माझे दोन्ही तळवे सुजलेले आहेत, त्यांना चिंचेचा कोळ फासलेला आहे, आणि ते एकमेकांना लागले की नव्याने खाज सुटते. तरी नमस्कार मनापासून आहे, तो पोचला असं समजावं. अक्षराकडेही दुर्लक्ष करावं. एखादी ओळ मध्येच वर उडालेली दिसली तर तिथे मी मान खाजवली असं धरून पुढे वाचावं.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावणं चालू आहे की आक्काने सांगितलं म्हणून मुद्दाम बंद केलंत? आक्काचा खोकला गेला का? कळवणला आता चांगली थंडी पडली असेल, तेव्हा पहाटे उघड्या अंगाने अंगणात उभं राहून दात घासण्याची तुमची हौस या वर्षी तरी आवरावी. इकडे सर्व क्षेम आहे. (हा शब्द पत्रात लिहावा लागतो म्हणून लिहिला. पुढचं वाचून तो ठेवायचा की खोडायचा हे तुम्हीच ठरवा.) फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन आक्का उचलते आणि 'हॅलो'च्या आधी 'काय झालं' असं विचारते, मग मला काही सुचत नाही. शिवाय आमच्या एसटीडीवाल्याच्या काचेच्या खोलीत बोललेलं सगळं बाहेरच्या बाकावर ऐकू येतं, आणि त्या बाकावर बसणारे लोक कोणत्या लायकीचे आहेत ते पुढे येईलच.

तर मुद्दा असा, की तुम्ही भाग्यश्रीसाठी पिंपळगाव बसवंतचं जे स्थळ आणलंत, ते टांगणीला लागलं आहे. मुलगी पाहून झाली, पसंती कळली, मुलगा दीपक आम्हा सगळ्यांना आवडला, द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमधली त्याची नोकरी चांगली, वडील भिमाजीराव कांद्याचे व्यापारी असूनही बोलायला सरळ. फक्त आमचं घरदार बघायचं आणि बोलणी करायची एवढंच उरलं होतं. ते घरदार त्यांनी बघितलं. त्याबद्दलच हे पत्र आहे. यात माझी चूक किती आणि अमावास्येची किती, हे तुम्ही मोठे आहात, निवाडा करा.

तुमच्याकडे कांदा, त्यामुळे द्राक्षाची दुखणी तुम्हाला सांगावी लागतात. छाटणीनंतर कोवळी फूट निघते, त्यात आभाळ आलं आणि पाऊस झाला की पानावर तेलकट डाग पडतो, पान उलटं केलं की खाली पांढरी लव दिसते, आणि मग तो रोग घडावर उतरतो. त्याला डाऊनी म्हणतात. ही बुरशी आहे. या वर्षी दिवाळी होऊन गेली तरी आभाळ हटायचं नाव घेत नाही, आणि आमचा औषधांचा दुकानदार दर खेपेला नवी बाटली हातात ठेवतो आणि मागच्या बाटलीबद्दल विचारलं की छताकडे बघतो. अशात एका सकाळी वर्तमानपत्रात शेतीच्या पानावर मला एक टिपण दिसलं, की कंदमुळांच्या सालींत बुरशीला रोखणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. दाजी, खोटं सांगत नाही, चहा तसाच निवला. टिपण पूर्ण वाचता आलं नाही, कारण खालचा अर्धा भाग आमच्या मंडळींनी आधीच डब्यांखाली घालायला कापून नेला होता. (त्या अर्ध्या भागात 'परंतु' ने सुरू होणारं एखादं वाक्य असावं असं आता सगळेजण म्हणतात.)

पण मला अर्ध्यावरच सगळं उमगलं. तुम्हीच विचार करा. बटाटा, रताळं, गाजर, मुळा, बीट, ही सगळी मंडळी राहतात कुठे? मातीत. तिथे ओल आहे, अंधार आहे, आणि चहूकडे बुरशीच बुरशी. आपण तिथे आठवडाभर राहिलो तर आपल्या कानात छत्र्या उगवतील. पण बटाटा महिनोन् महिने तिथे खुशाल पडून असतो, आणि कुजतो कधी, तर कुदळ लागून साल फाटली की मगच. म्हणजे राखणदार सालीत बसला आहे. आणि आपण काय करतो, त्या राखणदाराला सोलून उकिरड्यावर फेकतो आणि आत झोपलेल्याला रश्शात घालून खातो. भाग्यश्रीने कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं हे तुम्हाला माहीत आहेच (तिला ते घ्यायला मीच लावलं, हे तुम्ही त्या वेळी हसण्यावारी नेलं होतं). तिला विचारलं. ती म्हणाली, आप्पा, हे खरं आहे, बटाट्याच्या सालीत तशी कडवट द्रव्यं असतात, गाजराच्या सालीतही असतात, कंद स्वतःला वाचवायलाच ती बनवतो. यानंतर ती आणखीही बरंच बोलली, की काचेच्या बशीत जे चालतं ते द्राक्षाच्या मांडवावर चालेलच असं नाही, किती प्रमाण, कशात उतरवायचं, चार झाडांवर मारून शेजारची चार तशीच ठेवायची, वगैरे. पण तोवर मी कोपऱ्यातली बादली उचलून निघालो होतो.

आधी मी घरात प्रयोग केला, म्हणजे कुणी म्हणायला नको. ज्वारीच्या भाकरीचे दोन तुकडे ओले करून दोन ताटल्यांत ठेवले, एकावर बटाट्याच्या सालींचं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर साधं. देव्हाऱ्याच्या बाजूच्या कोनाड्यात दोन्ही झाकून ठेवले. साध्या पाण्याच्या तुकड्यावर हिरवी-काळी बुरशी भराभर चढली, आणि सालीच्या पाण्याच्या तुकड्यावर, दाजी, कोपऱ्याला नुसती पुसट झाक. हा प्रयोग पाहायला मी शेजारून माणसं बोलावून आणली. माणसं आली तेव्हा दोन्ही ताटल्या घासून पालथ्या घातलेल्या होत्या. देवाशेजारी बुरसटलेलं अन्न ठेवणाऱ्या माणसाशी आपण बोलत नाही, असं मंडळींनी मला सांगितलं आणि त्यानंतर त्या पुष्कळ बोलल्या.

पण बाग म्हणजे भाकरीचा तुकडा नव्हे. सालींचा डोंगर पाहिजे. सुरुवातीला मी घरातूनच सुरू केलं. सकाळी बटाट्याचा रस्सा, दुपारी मुळ्याची भाजी, रात्री गाजर, मध्ये भूक लागली तर बीट. लोक भाजीसाठी सोलतात, आम्ही सोलण्यासाठी भाजी करू लागलो. भाग्यश्रीची जीभ लाल, माझं पोट मुळ्याने डरकाळ्या फोडतंय, आणि मंडळींनी एक दिवस मेथीची जुडी माझ्यासमोर अशी ठेवली, की जणू ती कोर्टातली साक्षीदार आहे. तेवढ्यात कार्तिकी एकादशी आली. मला एकदम सुचलं, की आज गावात घरोघरी रताळं आणि बटाटा आहे, आणि एवढ्या साली एका दिवशी पुन्हा महाशिवरात्रीपर्यंत निघायच्या नाहीत. मी खताची रिकामी पिशवी खांद्यावर टाकली आणि निघालो.

इथे पहिली अडचण अशी, की आपल्या बायका रताळं सालीसकट उकडतात. उकडल्यावर त्या राखणदारात काय राम राहणार? म्हणून मी प्रत्येक दारात उभं राहून सांगत होतो, बाई, आधी सोला, मग उकडा, साली मला द्या. उपास असलेल्या बायकांना चुलीपुढे असलं काही सांगू नये, हे मला तिसऱ्या-चौथ्या घरी समजलं. दुसरी अडचण अशी, की मी कारण सांगत नव्हतो. शोध पूर्ण होण्याआधी बोभाटा केला तर औषधाचा दुकानदार सावध होईल अशी माझी समजूत होती. पण कारण न सांगता दारोदार साली मागणाऱ्या माणसाला गाव स्वतःच कारण पुरवतं. सकाळी लोक विचारत होते, दुसरी म्हैस घेतली का? दुपारी विचारायचे बंद झाले आणि नुसतं बघायला लागले. संध्याकाळी त्या एसटीडीच्या बाकावर ठरलं, की रंगनाथाची बाग बसली, लेकीचं लग्न तोंडावर आलंय आणि घरात साली शिजतायत. देवळामागच्या चिमणाबाईंनी तर पदर डोळ्याला लावून माझ्या पिशवीत दोन चांगली रताळी टाकली आणि 'देव बघतोय बाबा' असं म्हणाल्या. (रताळी मी परत करणार होतो, पण फार गोड निघाली.)

गोठ्यामागच्या पिंपात सगळ्या साली पाण्यात घातल्या. चार दिवसांत पिंपाला असा वास सुटला, की म्हशीच्या धारेला येणारा गवळी दारातूनच हाक मारू लागला. आमच्याकडे औषध मारायला पुंजा येतो, त्याने झाकण उघडलं आणि परत लावलं.

"आप्पा, हे रोगाचं औषध हाय का माणसाचं?"

"रोगाचं."

"मग रोग लय लांब पळंल. मी बी."

तरी त्याने बिचाऱ्याने कडेच्या दोन ओळींवर ते मारलं. परिणाम काय झाला ते तटस्थपणे सांगतो. माश्या वाढल्या. डाग होते तेवढेच राहिले, वाढलेही नाहीत आणि कमीही झाले नाहीत. यावर मंडळी म्हणाल्या, काही उपयोग नाही. मी म्हणालो, वाढले नाहीत हाच उपयोग. भाग्यश्री म्हणाली, शेजारच्या ओळींत पण वाढलेले नाहीत, आप्पा, कारण ऊन पडलंय. (विज्ञान शिकवलेल्या मुलींचा हा एक ताप असतो.) मी रात्रंदिवस विचार केला आणि माझ्या ध्यानात आलं, की आपण फार गरीब स्वभावाच्या कंदांकडे गेलो. रताळं काय, गाजर काय, ही माणसाला कधी उलटून बोलत नाहीत. आपल्याला तिखट माणूस पाहिजे. आणि तेव्हा मला सुरण आठवला.

दाजी, तुम्ही आता इथे कपाळावर हात मारला असेल. पण शांतपणे बघा. सुरण नीट शिजला नाही तर माणसाचा घसा धरतो, सोलताना हात सोलवटतात, त्याच्या नादाला रानडुक्करसुद्धा विचार करून लागतं. जो कंद एवढ्या मोठ्या माणसाला सळो की पळो करतो, तो त्या एवढ्याशा बुरशीला सोडेल का? माझ्या या तर्कात आजही मला चूक सापडत नाही. पंचवटीत एक आचारी आहेत, ते उपासाच्या मोठ्या पंगतींना सुरणाची भाजी करतात. त्यांच्याकडून दोन पोती साली उचलल्या (ते म्हणाले, न्या, न्या, आमच्या पोरी हात लावत नाहीत). त्यात अळकुड्यांच्या साली मिसळल्या. सगळं खलबत्त्यात आणि मग पाट्यावर भरडून, गाळून, पंपाच्या टाकीत भरलं. साली उचलायला फावडं वापरलं आणि हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, म्हणून मला त्याचा गुण कळला नाही.

मारायचं कधी, हा प्रश्न होता. पुंजा अमावास्येला काम करत नाही, मजूर येत नाहीत, आणि आपल्यात अमावास्येला कुणी कुणाच्या दारात जात नाही. म्हणजे वास येतो म्हणणारं, हसणारं, आणि 'हे काय' विचारणारं कुणीच नाही. म्हणून मी अमावास्या धरली. मंडळी आणि भाग्यश्री घरात. मी पावसाळ्याचा रेनकोट, टोपी, तोंडाला उपरणं, अशा थाटात सकाळीच निम्मी बाग भिजवली. मांडवावरून टपटप पाणी गळत होतं. पान न् पान न्हालं होतं. मला इतकं समाधान वाटलं, की रेनकोट काढून मी बांधावर बसलो आणि तंबाखू मळली. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

आता तुम्ही विचाराल, अमावास्येला सोयरे कसे आले? मीही हेच विचारलं, मनात. तर भिमाजीराव व्यापारी. पिंपळगावचं कांद्याचं मार्केट अमावास्येला बंद, आणि एरवी त्यांना लिलाव सोडून पाऊल बाहेर टाकता येत नाही. मी ज्या कारणाने अमावास्या निवडली, त्याच्या बरोबर उलट कारणाने त्यांनी ती निवडली. अमावास्येला लग्नाचा विषय काढायचा नाही, म्हणून त्यांनी एक तोडही काढून आणली होती. जीपमधून उतरता उतरताच त्यांनी जाहीर केलं.

"आज काय बोलायचं नाय बरं का. आम्ही नुसती बाग बघायला आलोय."

बरोबर दीपक, आणि त्याची आजी धोंडाबाई. नातसून कुठल्या घरातून येते ते बघितल्याशिवाय आपण डोळे मिटणार नाही असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांची तब्येत पाहता त्यांना घाई मुळीच नाही. आता नुसती बाग बघायला आलेल्या माणसाला बाग दाखवू नका असं कसं म्हणायचं? मी म्हटलं, आधी चहा घेऊ. ते म्हणाले, आधी बाग. मी म्हटलं, पानं ओली आहेत. ते म्हणाले, औषध मारणाऱ्याची बाग ओलीच असायची. त्यांची स्वतःची द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षवाला माणूस दुसऱ्याच्या बागेत शिरला की मांडवाखाली वाकून, पानं उलटी करून, घड हातात तोलून बघितल्याशिवाय राहत नाही. भिमाजीरावांनी एकही ओळ सोडली नाही. धोंडाबाईंनी तर खाली गळणारं पाणी तीर्थासारखं पदराने टिपून मानेला लावलं, ऊन फार होतं म्हणून. मी मागून 'हो, हो' करत फिरत होतो, आणि डोक्यावर थेंब पडत होते.

घरात येऊन बसलो. अमावास्या म्हणून भाग्यश्रीने पुढे यायचं नव्हतं, ती स्वयंपाकघरात, मंडळींनी चहा आणला. पहिली बशी तोंडाला लावताना मला मनगटावर मुंगी चावल्यासारखं झालं. मी बघितलं, मुंगी नव्हती. मग मानेवर. मग कानामागे. पाहुण्यांसमोर खाजवणं बरं दिसत नाही, म्हणून मी गप्प बसून नुसता खांदा हलवला. समोर बघतो तर भिमाजीराव बोलता बोलता दाराच्या चौकटीला पाठ लावून हळूच वर-खाली होत होते. धोंडाबाई पदराच्या आत हात घालून मान चोळत होत्या आणि तोंडाने आमच्या म्हशीचं कौतुक करत होत्या. सोयरीक व्हायची आहे, म्हणून ते बोलत नव्हते. सोयरीक व्हायची आहे, म्हणून मी बोलत नव्हतो. भिमाजीराव म्हणाले, तुमच्याकडं डास लय दिसत्यात. मी म्हणालो, हो, गोदावरी जवळ आहे ना. असं भर दुपारी, डास नसलेल्या घरात, आम्ही डासांवर किती वेळ बोललो ते सांगत नाही. तेवढ्यात मंडळी मला आतून खुणा करू लागल्या. आत गेलो तर म्हणाल्या, धोंडाबाई मला हळूच विचारत होत्या, तुमच्या घरात कुणाच्या अंगाला काही आहे का? दाजी, त्यांना खरजेचा संशय आला होता. उपवर मुलीच्या घरात.

मला घाम फुटला, आणि घाम लागल्यावर ती खाज काय होते ते मी शत्रूलाही सांगणार नाही. बाहेर आलो तर दीपक एकटा सगळ्यांसमोर राजरोस खाजवत होता, दोन्ही हातांनी, आणि हसत होता. त्याने सरळ विचारलं, मामा, आज पानांवर काय मारलंय? आता खरूज कबूल करायची की सुरण, यात मी सुरण निवडला. पण एकदा तोंड उघडल्यावर मला राहवलं नाही. मी राखणदारापासून सुरुवात केली. भाकरीचे तुकडे सांगितले, रताळ्याच्या सौम्य स्वभावाबद्दल सांगितलं, आणि सुरणापर्यंत आलो. तिथे धोंडाबाईंनी मला अडवलं.

"सुरणाची साल? आन् ती आमच्या डोक्यावर मारली?"

पुढचं काम भाग्यश्रीने केलं. अमावास्या-बिमावास्या काही न बघता ती चिंचेचा कोळ भरलेलं पातेलं घेऊन बाहेर आली. सुरणावर आंबट हाच उतारा, हे तिला मला विचारावं लागलं नाही. आधी तिने धोंडाबाईंना आत नेऊन पाठीला, मानेला कोळ चोळला. भिमाजीरावांना मी चोळला (व्याही होण्याआधी व्याह्याची पाठ चोळण्याचा मान गावात दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल). माझ्या हातांना पुन्हा खाज, म्हणून दीपकच्या हातांवर हौदापाशी पाणी घालायला भाग्यश्रीच गेली. त्या मुलाला बहुतेक सगळ्यात जास्त लागलं असावं, कारण ते धुणं बराच वेळ चाललं. मधून हसण्याचा आवाज येत होता. मला बरं वाटलं, की चला, पोराला आराम पडतोय.

निघताना भिमाजीराव जीपमध्ये बसले, गळ्याला चिंच, शर्टावर तपकिरी डाग, आणि म्हणाले की वाटेत तुमच्या गावात चहाला थांबलो होतो, तिथं बाकावर लोक म्हणत होते की तुम्ही दारोदार साली मागता. आम्हाला वाटलं, लोक उगीच बोलतात. आणि शेवटी म्हणाले, 'कळवू.' दाजी, मुलीच्या बापाने हा शब्द ऐकला की त्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही दोन पोरी उजवल्या आहेत. तेव्हापासून मला जेवण जात नाही. बागेचं मला काही वाटत नाही, डाऊनी आली तर येवो. पण माझ्या खुळापायी पोरीचं चांगलं घर गेलं, तर मी तिला तोंड कसं दाखवू? ती दिवसभर हौदापाशी जाऊन उभी राहते. मंडळी म्हणतात, तिला धक्का बसला आहे.

म्हणून पायावर डोकं ठेवून विनंती, की हे पत्र मिळताच पहिल्या एसटीने पिंपळगावला जावं. तिथे तीन गोष्टी सांगाव्यात. आमच्या घरात खरूज नाही. आमची परिस्थिती उत्तम आहे, साली आम्ही खात नाही. आणि मी वेडा नाही. (तिसरी गोष्ट पटली नाही तर पहिल्या दोनवर भागवावं.) तुम्ही बोललात की लोक ऐकतात, तुमचा आवाजच तसा आहे. आणि जमलं तर या मार्गशीर्षातला पहिला मुहूर्त धरूनच उठावं. उशीर नको. गोष्ट जुनी होईल तसतशी बाकावर ती वाढत जाईल, आणि पुढच्या महिन्यात लोक म्हणतील की मी सोयऱ्यांना सुरण खाऊ घातला. आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल.

दोन्ही हात लांब धरून बसलेला,
तुमचा मेहुणा रंगनाथ

ता. क. आक्काने दिवाळीत पाठवलेली चिंचेची बरणी सगळी संपली. ती कुठे गेली हे तिने विचारलं तर खूप आमटी केली असं सांगावं.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल वाजली. दीपक. मागे एक पोतं बांधलेलं. मला वाटलं, नकार सांगायला आला, आणि वाटेत कुणाचं काही पोचवायचं असेल. पोतं सोडून त्याने माझ्यापुढे ठेवलं. त्यात साली होत्या, बटाट्याच्या. त्यांच्या पॅकहाऊसजवळ वेफर्सवाला आहे, त्याच्याकडून आणलेल्या, धुतलेल्या, सावलीत वाळवलेल्या. म्हणाला, मामा, ओल्या साली कुजतात, वाळवून घ्यायच्या, आणि चार झाडांवर मारून शेजारची चार तशीच ठेवायची, म्हणजे खरं काय ते कळेल. हे अगदी याच शब्दांत मला भाग्यश्रीने सांगितलं होतं. मी विचारलं, घरचे काय म्हणतात? तर भिमाजीराव मार्केटमध्ये ही गोष्ट सगळ्यांना हसून सांगत आहेत, आणि धोंडाबाईंनी ठणकावून सांगितलंय, की न लाजता परक्या म्हातारीची पाठ चोळणारी पोरगी मला घरात पाहिजे. होकार कळवायला भिमाजीराव स्वतः आमच्याकडे येणार आहेत.

मी पोतं उचलायला वाकलो तर भाग्यश्री आली. तिने एक टोक धरलं, दीपकने दुसरं. वाळलेल्या सालींचं पोतं, कापसासारखं हलकं, एका हाताने उचललं असतं कुणीही. ते दोघं ते धरून गोठ्याकडे निघाले, काहीतरी बोलत, सावकाश. मी बांधावर उभा राहून बघत होतो. इतके दिवस मला धास्ती होती की स्थळ जाईल. मुलगी जाईल, हे ध्यानातच आलं नव्हतं.

ता. क. तिसरा. वर घाईचं जे काही लिहिलं आहे ते रद्द समजावं. पिंपळगावला जा, पण मार्गशीर्षातला मुहूर्त धरू नका, वैशाखातला धरा, आणि तोही शेवटचा असला तर बरं. द्राक्षाची काढणी आहे असं कारण सांगा, भिमाजीरावांना पटेल. खरं कारण आक्काला विचारा. तिला तुमच्याकडे धाडली त्या दिवशी आमचे वडील कुणाला न सांगता गोठ्यात जाऊन बसले होते, आणि तुम्ही बाहेर गाडीत बसून उशीर होतोय म्हणून ओरडत होता. तेव्हा मला तुमचंच बरोबर वाटलं होतं.